पायाळूचा गुण

मी पायाळू जन्मले, म्हणजे डोक्याऐवजी पायांनी या जगात आले, यात माझं काडीचंही कर्तृत्व नाही. पण लहानपणी माझ्या माहेरी, वरवट बकालला, लोक आमच्या दारात यायचे ते याच एका कारणासाठी. कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो भल्या सकाळी तोंडही न धुता यायचा, ओसरीवर पालथा पडायचा, आणि आई मला अंथरुणातून उठवून त्याच्या पाठीवर तीनदा पाय लावायला लावायची. मी अर्धवट झोपेत असायची आणि त्या पाठींना घामाचा वास यायचा. दोन-तीन दिवसांत उसण उतरायची, जशी ती कुणाचीही उतरते, आणि लोक नारळ घेऊन यायचे. जाताना आई प्रत्येकाला बजावायची, की आता दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, नाहीतर पायाळूचा गुण जातो. मला त्या लोकांची कीव यायची नाही, राग यायचा. पाच वर्षांच्या पोरीच्या पायाखाली आपली पाठ देणारी ती मोठमोठी माणसं मला शुद्ध मूर्ख वाटायची. आजही वाटतात.

त्याच रागापोटी मी फिजिओथेरपीला गेले असणार. चार वर्षं हाडं, स्नायू आणि नसा घोकल्या, सहा महिने इस्पितळात राबले, आणि लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले. स्टॅन्डच्या रस्त्याला दोन खोल्या घेतल्या, टेबल आणलं, पाटी लावली. पहिल्या महिन्यात बरीच गर्दी झाली. मला वाटलं, गाव सुधारलेलं दिसतंय. मग कळलं, की सासूबाईंनी बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमची नवी सून पायाळू आहे. लोक यायचे आणि सरळ खाली फरशीवर पालथे पडायचे. मी टेबलाकडे बोट दाखवलं, तर एक म्हातारा मलाच विचारतो, तिथं तुमचा पाय कसा पोचंल? मी पाय लावत नाही म्हटल्यावर अर्धे लोक उठून गेले. उरलेले मला मालिशवाली बाई म्हणू लागले.

डोकेदुखीच्या बायका मात्र टिकून राहिल्या, कारण त्यांचं सगळं करून झालेलं होतं. बाम, किराणा दुकानातली दोन रुपयांची गोळी, कपाळावर आवळून बांधलेला रुमाल, कुणाचा तरी दोरा. या बायकांबरोबर नवरेही यायचे, आणि त्यांच्याइतका कुचकामी प्राणी मी दवाखान्यात दुसरा पाहिला नाही. मी बाईला विचारते, झोप लागते का? नवरा म्हणतो, मस्त लागते, घोरते. मी बाईला विचारते, कधीपासून दुखतं? नवरा सांगतो, बापाच्या घरूनच घेऊन आली हे दुखणं. शेवटी मी नवऱ्यांना बाहेर बाकावर बसवायला लागले. तिथे ते मोबाइल पाहत बसतात, आणि आवाजही कमी करत नाहीत.

उपचार तसा साधा असतो. बाई उताणी झोपते, मी तिच्या डोक्याशी स्टुलावर बसते आणि मानेच्या मागे, कवटी जिथे संपते तिथे, दोन्ही हातांची बोटं टेकवून थांबते. डोक्याचं वजन हळूहळू बोटांवर येतं आणि आखडलेले स्नायू सैल व्हायला लागतात. जोर लावायचा नसतो, हे कुणालाही पटत नाही. दाढी झाल्यावर कटिंगवाल्याकडून मान कडाकडा मोडून घेणाऱ्यांना तर आवाज झाल्याशिवाय इलाज झाल्यासारखाच वाटत नाही. बाईचे डोळे मिटलेले असतात आणि समोर कुणाचं तोंड नसतं. मग ती बोलते. कुणाला सासरी कुणी हाक मारत नाही, कुणाला पहाटेच छातीत धडधड होते. ज्या बायकांच्या मनाला धास्ती आणि उदासी लागलेली असते त्यांची मान अशी दगडासारखी असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बोटांना कळलं ते इथे.

आमच्या घरातच अशी एक मान होती. थोरल्या जाऊबाईंची. मी त्यांना ताई म्हणते. सकाळी चहा ठेवतानाच त्यांच्या कपाळावर रुमाल आवळलेला असायचा, आणि घरातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीच हट्ट करून त्यांना आणि थोरल्या दिरांना बुलढाण्याला नेलं. डोक्याचा फोटो निघाला, तो स्वच्छ होता. तिथल्या डॉक्टरांनी झोपेचं, जेवणाचं, रडण्याचं विचारलं आणि आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थोरल्या दिरांना समोर बसवून नीट समजावलं. उदासीचा आजार आहे, त्यातून मान आखडते आणि डोकं पट्ट्यानं आवळल्यासारखं दुखतं. गोळी रोज घ्यायची, अनेक महिने, मनाने बंद करायची नाही. आणि सोबत मानेवर हाताचे उपचार, ते तुमच्या घरीच आहेत. दीर मान डोलवत होते. घरी येऊन त्यांनी सांगितलं, नसा कमजोर आहेत, नसेच्या गोळ्या दिल्या. उदास हा शब्द आमच्या घरात फक्त आभाळासाठी वापरतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला अडवलं. आधी एकदा पाय लाव, मग तुझ्या हातानं काय करायचं ते कर, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत हे चाललं, तेव्हा मी वैतागून म्हटलं, बरं, लावते. ताई माजघरात पालथ्या झोपल्या आणि मी त्यांच्या पाठीवर तीनदा पाय लावला. मला हसू आवरत नव्हतं. ताईही हसत असाव्यात असं मला वाटलं, कारण त्यांचे खांदे हलत होते. एवढ्यानं म्हातारीचं तोंड बंद होणार असेल तर आपलं काय जातं, असा माझा हिशोब. शिकलेल्या माणसाचा माज असाच असतो. समोरच्याची समजूत इतकी फालतू वाटते, की तिचं पुढे काय होणार याचा विचार करायचीही गरज वाटत नाही.

मग मी माझं काम सुरू केलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ताई खोलीवर यायच्या. किराण्यातली गोळी मी बंद करवली, कारण रोज घेतल्यानं तीच डोकं दुखवते. भिंतीवर एक कॅलेंडर लावलं आणि सांगितलं, कुठल्या दिवशी दुखलं ते आल्यावर आठवून सांगायचं, मी त्या दिवसावर फुली मारीन. पहिला महिना फुल्यांनी काळा झाला. दुसऱ्या महिन्यात मधेमधे कोरे चौकोन दिसू लागले. तिसऱ्या महिन्यात फुली शोधावी लागत होती. मी त्या तीन पानांचे फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांचे अंगठे आले, एका मैत्रिणीनं तर लिहिलं, खेड्यात राहून काय काम करते आहेस तू. ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं, मग सासूबाईंनाही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, पायाळूचा गुण हाय बाप्पा. मी मनात म्हटलं, बसा तुमचा गुण घेऊन.

या काळात ताई अर्धी भाकर ताटात सोडून उठत होत्या. केसांना तेल लावणं सुटलं होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि त्या शेजारी उभ्या राहून तिकडेच बघत होत्या. हे सगळं मी पाहिलं, आणि म्हटलं, दमल्या असाल, पडा जरा. एवढंच नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे त्यांची मान माझ्या बोटांखाली पुन्हा पहिल्या दिवसासारखी लागत होती. मी विचारायची, दुखतंय का? त्या म्हणायच्या, नाही. मी कॅलेंडरकडे बघायची. तिथे कोरे चौकोन होते. कापूस वेचायला मजूर मिळत नव्हते, ताई स्वतः वावरात जात होत्या, त्यामुळे मान भरून आली असेल, असं मी ठरवून टाकलं. ज्या बोटांवर साडेचार वर्षं घातली त्यांच्यापेक्षा मला माझ्या कौतुकाचा कागद खरा वाटला.

बुलढाण्याला पुन्हा दाखवायची तारीख आली तेव्हा मी ताईंना म्हटलं, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, डॉक्टर विचारतील. त्या टेबलावर उताण्या होत्या, डोळे मिटलेले, डोकं माझ्या हातात.

"गोळ्या तं कवाच्याच बंद हायेत," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, कधीपासून? पाय लावल्यानंतर आठ दिवसांनी, म्हणाल्या. डोकं थोडं हलकं वाटतंय असं त्यांच्या तोंडून गेलं, आणि सासूबाईंनी पाकिटं काढून घेतली. पायाळूच्या गुणावर दुसरं औषध चालत नाही म्हणे. ते माझ्याच आईचं वाक्य होतं, नारळ घेऊन उभ्या असलेल्या माणसांना शेकडो वेळा ऐकवलेलं, आणि ते मला ठाऊक असूनही मी हसत हसत पाय लावला होता.

मी खोली बंद केली, ताईंना घेऊन घरी गेले आणि ओसरीवर उभं राहून जे तोंडाला येईल ते बोलले. सासूबाई ऐकून घेत होत्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, की चूक काय झाली. डोकं दुखायचं थांबलं, सुनेचं नाव झालं, आणि रोजची गोळी वाचली, यात वाईट काय? थोरल्या दिरांना मात्र सगळं कळत होतं. डॉक्टरांच्या समोर तेच तर बसले होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही बोललात?

ते मोबाइल खाली न ठेवता म्हणाले, "डोकं बरं झालं न? मंग लोकाइले काऊन कळू द्याचं, का आपल्या घरात येडी हाय म्हणून?"

ताई दारातच उभ्या होत्या. दीर घरातले शिकलेले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोलणारे, दहा माणसांत मान असलेले. त्यांच्याइतकं हलकं माणूस मी आजवर पाहिलं नाही, आणि हे मी त्यांना तिथेच सांगितलं. त्या रात्री घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तोवर मी स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा वेगळी समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी बुलढाण्याला गेलो. राजूरच्या घाटात गाडी वळणं घेत होती, आणि ताई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी त्यांना समजावत होते, की गोळी पुन्हा सुरू झाली की झोप लागेल, जेवण जाईल, आणि मानेचं मी पाहतेच. त्या हो हो म्हणत होत्या. आता वाटतं, त्या मला तेव्हाही सांभाळूनच घेत होत्या.

मनाच्या डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. ताई म्हणाल्या, राहू द्या हिले. मग डॉक्टरांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि ताई खाली बघून उत्तरं देऊ लागल्या. झोप नाही. भूक नाही. वावरातल्या विहिरीजवळून जाताना भीती वाटते. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? ताई म्हणाल्या, येते. रोज येते. त्या ते इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, या तर आठवड्यातून दोनदा तुमचं डोकं हातात घेऊन बसत होत्या. यांना का नाही सांगितलं?

ताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. डॉक्टरांनाच म्हणाल्या, "हिले कशी सांगू? ते क्यालिंडर पाहून इतकी खुश होये ही. हिच्या मेहनतीवर कायले पाणी फिरवा, म्हणून दुखलं तरी मी फुली नव्हती सांगत."