घरच्या कापसाचं कव्हर

लॅपटॉप थंड ठेवणं अगदी सोपं असतं. घरच्या माणसांनी मध्ये लुडबूड केली नाही म्हणजे झालं. निदान मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत माझं असंच ठाम मत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलो होतो, पण अजून कायम झालो नव्हतो. ऑफिसात लॅपटॉप एकच, आणि साहेब त्याला स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त जपत. (मुलगी मोटारसायकलवर कुणाच्याही मागे बसून जायची, लॅपटॉप जात नसे.) एका पाणीपुरवठा योजनेच्या पाइपलाइनचं गणित सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर हवं होतं. ते झालं तर मी कायम, नाहीतर आणखी सहा महिने उमेदवारी. साहेबांनी हे अगदी हसत सांगितलं, म्हणून मला जास्तच राग आला.

ऑफिसात एसी होता. तिथेच बसून गणित करता आलं असतं. पण एसीत बसून केलेलं काम आमच्या गावाला, चोपड्याला, कसं दिसणार? आमच्या गल्लीत लॅपटॉप आणणारा मी पहिला! साहेबांची मनधरणी करून मी तो घेऊन शनिवारी गावी आलो आणि आल्या आल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कामाला लावलं.

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला टोपडं, रेडिओला बंडी. हे सगळं अक्काच्या शिलाई मशीनचं काम. तिने लॅपटॉपचं माप घेतलं, घरच्या शेतातला कापूस भरला आणि पडदा व बटणं तेवढी उघडी राहतील असं जाडजूड, फुलाफुलांचं कव्हर शिवलं. मी तपासलं, तर मागच्या बाजूला चांगली चार बोटं फट!

"अक्का, हे काय? इथून धूळ जाईल!"

"आठे मांगे जाळी शे रे दिलीप. गरम हवा निंघस तठून. राहू दे फट."

"तुला शिवण कळतं, कॉम्प्युटर मला कळतो! शिवून टाक!"

"शिवी टाकस मंग. माले काय!"

तिने शिवली. खालच्या बाजूला आणखी एक बारीक फट दिसली, तीही मी शिवून घेतली. काम कसं चोख हवं!

रविवारी सकाळी साडेअकराला गणित सुरू केलं. पूर्ण व्हायला दोन तास लागणार, आणि मध्ये मशीन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. धुळ्याची शेवटची बस सातची. म्हणजे वेळच वेळ होता. मी फुल बाह्यांचा शर्ट, पँट, बूट अशा ऑफिसच्या थाटात बैठकीत बसलो. पाऊण तासात लॅपटॉप घूं घूं करायला लागला, आणि पडदा काळा पडला.

"कुणी हात लावला?" मी ओरडलो.

"अहो, आम्ही सगळे स्वयंपाकघरात आहोत," माझी बायको संध्या आतून म्हणाली.

"तिथे चूल पेटवली असेल! तिची गरमी येते इकडे!"

"गॅस आहे आपल्याकडे. तीन वर्षं झाली."

एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढे म्हणाली, "तुम्ही जरा पाणी प्या." राग आलेल्या माणसाला पाणी प्यायला सांगणं यासारखा दुसरा अपमान नाही! मी पाणी प्यायलो नाही. उठलो आणि वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, खोलीतला कूलर ओढत बैठकीत आणला. वडील तेव्हा जेवून नुकतेच आडवे झाले होते.

"दिल्या, मना कूलर कोठे गया?"

"नाना, लॅपटॉपला पाहिजे!"

"मंग मी काय भाजाले पडेल शे का आठे?"

इथे नोकरीचा प्रश्न होता. कूलरच्या वाळ्याच्या पडद्यांवर संध्याकडून दोन बादल्या पाणी ओतून घेतलं, वारा थेट लॅपटॉपवर सोडला आणि गणित पुन्हा सुरू केलं. कूलरमधून तुषार उडायला लागले. मी शर्टाच्या बाहीने बटणं पुसत बसलो. अख्खं घर घामाने निथळत होतं आणि फुलाफुलांचं कव्हर गार वाऱ्यात मजेत बसलं होतं. तासाभराने पडदा पुन्हा काळा!

आता मी कूलरवर ओरडलो. (तो एकटाच उलट बोलला नाही.) मग लॅपटॉप शहाबादी फरशीवर तीन वाजेपर्यंत निवायला ठेवला, टेबलफॅन लावला, आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. वीसच मिनिटं झाली असतील, तोच लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पंखा कसा राहणार?

"वारा घाला!" मी गर्जलो.

घरात हातपंखा सापडेना. अक्का स्वयंपाकघरातलं सूप घेऊन आली आणि जोरजोरात हलवू लागली. सुपात सकाळच्या बाजरीचा कोंडा होता. तो उडाला. लॅपटॉपवर, माझ्या डोळ्यांत, शर्टाच्या कॉलरमध्ये, सगळीकडे कोंडा!

"अक्का! अगं, धूळ जाऊ नये म्हणून एवढं कव्हर शिवलं ना!"

"मंग तूच हालाव सूप! हात दुखी राहिना मना!"

आणि पडदा तिसऱ्यांदा काळा झाला.

माझी भाषा ऑफिसात शुद्ध असते. राग हाताबाहेर गेला की ती थेट चोपड्याला परत येते. "बठ्ठा भाईर व्हा!" सगळ्यांना बाहेर काढायला मी असा काही ओरडलो की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा बाहेर आली. चार वाजले होते. माझी नोकरी या लोकांनी घालवली, याबद्दल मला शंका उरली नव्हती. अक्काने सूप आपटलं, संध्याने बादली आपटली, आणि दोघी ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसल्या.

नाना तेवढे बाहेर गेले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य केळीत गेलेलं. ते उकिडवे बसले, कव्हरच्या आत हात सरकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"दिल्या, हाई पिकाले घालेल शे का रे?"

"काय?"

"केळीना घड असाच गुंडाळतस आम्ही. गरमी भाईर निंघाले नको म्हनीसन."

मी काहीतरी तडकून बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण आधी मीही कव्हरच्या आत हात घातला, आणि तो तसाच मागे घेतला.

नानांनी कव्हर ओढून काढलं. दोन पाट शेजारी शेजारी मांडले, मध्ये चार बोटं फट ठेवली, आणि त्यावर लॅपटॉप ठेवून गार होऊ दिला. मग मी गणित सुरू केलं. कूलर नाही, पंखा नाही, सूप नाही. साडेचारला लाइट आली. सव्वासहा वाजता गणित पूर्ण झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी दिवसभर ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो माणूस मीच निघाल्यामुळे फार चिडलो होतो.

"झालं?" अक्काने दारातूनच विचारलं. "मी फट ठेवेल व्हती. ती शिवाले कोनी लावी?"

मी बूट शोधत असल्याचं दाखवलं. बूट माझ्या पायातच होते.

सातची बस मिळाली. कॉलरमध्ये कोंडा घेऊनच मी धुळ्याला पोहोचलो. सोमवारी साहेबांनी गणित पाहिलं, आणि महिन्याभरात मी कायम झालो.

कव्हर मात्र अक्काने वाया जाऊ दिलं नाही. त्याचे दोन तुकडे करून स्वयंपाकघरात ठेवले. आजही चोपड्याला उकळत्या डाळीचं पातेलं त्यानेच उतरवतात. आणि मी जेवायला बसलो की अक्का हमखास सांगते, हाताला जरासुद्धा चटका लागत नाही.