अर्धी लादी बर्फ, धायरीपर्यंत

अकोल्याहून निघालो तो मांडीवर पॉट घेऊनच. पॉट म्हणजे घरी आइस्क्रीम करायचा: लाकडी बादली, तिच्यात उभा डबा, वर फिरवायचा दांडा. "काका, वर टाका की ते," असं कंडक्टर म्हणत राहिला. मी टाकलं नाही.

धायरीच्या माझ्या ताईला घशाला शेक (किरणांचे उपचार) दिल्यापासून पाणीसुद्धा कष्टानं उतरत होतं. खाणं असंच बंद राहिलं तर सोमवारी नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या नळीची तिनं धास्ती घेतली होती. फोनवर म्हणाली, "आपल्या पॉटातलं असतं ना, तर उतरलं असतं रे." मी त्याच दिवशी माळा उपसला.

शनिवारी सकाळी पुण्यात उतरलो तेव्हा पाठीचा काटा ढिला झाला होता. आता बर्फ हवा होता. शहरात घरोघरी फ्रीज, पण लादीचा बर्फ कुणी विकेना. मंडईजवळ एका रसाच्या दुकानात विचारलं.

"लादी? कार्य आहे का घरात?"

"नाही, आइस्क्रीम करायचंय."

"ते दुकानात तयार मिळतं."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण त्यानं मान वर केली.

"मासळीबाजाराच्या मागे बघा. धुऊन घ्या मात्र."

अर्धी लादी भुशात घोळून, गोणपाटात गुंडाळून रिक्षात ठेवली. सिंहगड रस्त्याला लागलो आणि रिक्षा जी अडकली ती अडकलीच. शेजारी कंपनीची बस उभी होती, आत पोरं माना टाकून झोपलेली. वरून ऊन, खालून इंजिन. गोणपाटातून निघालेला ओघळ रिक्षावाल्याच्या चपलेपर्यंत गेला.

"काका, रिक्षा धुवायला नाही काढली मी आज."

"आजारी माणसासाठी आहे हो."

पुढच्या चौकात त्यानं गाडी आतल्या गल्लीत घातली. धायरीला पोचेपर्यंत लादीचा कलिंगडाएवढा दगड उरला होता.

भाचा मंदार खराडीला नोकरी करतो. आज घरूनच काम होतं, कानात वायर आणि मांडीवर लॅपटॉप. मी डब्यात साखर घातलेलं आटीव दूध ओतलं, बर्फ फोडून खडेमिठासकट बादलीत भरला आणि दांडा फिरवायला घेतला. मिठानं बर्फ लवकर वितळतो, पण वितळताना भोवतालची ऊब ओढून घेतो. ते खारं पाणी बर्फाहून गार होतं आणि दूध गोठतं ते त्यानंच. लहानपणी त्या पाण्यात कुणाचं बोट जास्त वेळ टिकतं, अशी ताईची न् माझी पैज लागायची.

हात भरून आले म्हणून दांडा मंदारकडे दिला आणि जरा आडवा झालो. उठलो तर बादली कोरडी.

"मामा, वितळलेलं सगळं काढून टाकलं. फरशी खराब होत होती."

"अरे बाबा, गार तेच होतं."

त्याचा चेहरा पडला. फ्रीजमधले बर्फाचे खडे टाकून पाहिले, पण मीठ संपलं होतं. डबा उघडला तर आत पातळ दूध, नुसते बारीक कण धरलेलं. एवढा प्रवास पाण्यात गेला म्हणून मला रडूच यायचं बाकी होतं.

"आण इकडे," आतून ताई म्हणाली.

पहिला चमचा तिनं बराच वेळ तोंडात धरला. मग गळा हलला. दुसरा गेला, तिसरा गेला. वाटी रिकामी झाली तेव्हा मी बाहेर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

"घट्ट असतं तर अडकलं असतं," ताई म्हणत होती. "मंदार, घरकामात पहिल्यांदाच तुझा उपयोग झाला."

रविवारीही तेच केलं, मुद्दाम अर्धवट. सोमवारी डॉक्टरांनी नळी आठवडाभर पुढे ढकलली. मी निघताना पॉट उचलला, तर ताई म्हणाली, "तो राहू दे इथेच."

अकोल्यात रिकाम्या हातांनी उतरलो. खांदे अजून ठणकत होते. शर्टाच्या बाहीवर पांढरे डाग दिसले. बर्फाचं पाणी झालं, पाण्याची वाफ होऊन गेली, मीठ तेवढं बाहीवर राहिलं. शर्ट तसाच खुंटीला अडकवला.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. "मामा, आज पाणी नाही काढलं. मस्त घट्ट झालं होतं."

"मग?"

"आईनं परत वितळवायला लावलं."