परक्या माणसाची ओळ आणि पहिला पीस

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं धाकटी बहीण म्हणते. सांगणारच. वडील लातूरकडून इकडे आले, भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर पत्रा दाबायची प्रेस चालवली आणि रहाटणीच्या दोन खोल्यांत राहून मला कॉम्प्युटरची पदवी घ्यायला लावली. आता मी महाळुंग्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे गाड्यांचे ब्रॅकेट बनतात आणि लाईनच्या शेवटी प्रत्येक ब्रॅकेट एका कॅमेऱ्याखालून जातो. तडा असला की लाल दिवा लागतो, नसला तर पीस पुढे सरकतो.

तो कॅमेरा काही जन्मापासून हुशार नव्हता. तपासणीच्या टेबलावरच्या दोन ताईंनी त्याला वर्षभर शिकवलं होतं. केसाएवढी चीर दिसली की पीस कॅमेऱ्याखाली धरायचा, फोटो काढायचा आणि ‘खराब’ म्हणून साठवायचा. हातातलं काम सांभाळून केलेलं हे काम. ते सगळे फोटो लाईनवरच्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. ती काढायची असं प्रत्येक मीटिंगमध्ये ठरायचं.

एका सकाळी कॅमेरा बंद पडला. बदली कॅमेरा आला तो नव्या मॉडेलचा, आणि आमचा कॉम्प्युटर त्याला ओळखेना. लिनक्सला स्वतःचं एक भांडार असतं. तिथलं सॉफ्टवेअर तपासून, सही-शिक्का होऊन आलेलं असतं. त्या भांडारात या कॅमेऱ्यासाठी काहीच नव्हतं. आमच्या सिनियर सरांनी मात्र इंटरनेटवर एक इन्स्टॉलर शोधून काढला. कुठल्या देशातल्या कोणा हौशी माणसाने लिहिलेला. एक ओळ उचलायची, कमांडच्या काळ्या खिडकीत चिकटवायची, पासवर्ड टाकायचा, झालं.

सरांनी ओळ चिकटवली. पासवर्ड माझ्याकडे होता.

“टाक गं.”

“नको सर. हा माणूस कोण, आपल्याला माहीत नाही. पासवर्ड दिला की त्याला अख्खा कॉम्प्युटर मोकळा.”

“सगळं जग असंच टाकतं, राव. सगळ्यांचे कॉम्प्युटर काय जळाले का?”

“भांडारातलं असतं तर टाकलं असतं.”

“बरं मॅडम, भांडारातलं कोण लिहितं? तुमचे काका?” सर खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले. “तिथलं तरी तू वाचलंयस का? या कॉम्प्युटरमधली एक तरी ओळ तुझ्या ओळखीच्या माणसाने लिहिली असली तर सांग.”

पदवी घेतली, नोकरीला लागले, पण हा विचार कधी मनात आला नव्हता. आमचा कॅमेरा, लाल दिवा, लाईनचा पट्टा, सगळं कधी न भेटलेल्या माणसांच्या ओळींवर चालत होतं. असंख्य माणसं, कुठली कुठली, आणि महाळुंग्यात ब्रॅकेट बरोबर पुढे सरकत होता. गडावरून पहिल्यांदा खाली बघितल्यावर वाटतं तसं वाटलं.

“तिथं निदान चार जणांच्या हाताखालून जातं,” मी कसंबसं म्हटलं. “सही असते.”

“सही आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या इनवर्डच्या मालावर पण असते. खराब माल येतोच ना?”

तेवढ्यात लाईन सुपरवायझर आले. निघोज्याचे, घरची शेती कंपन्यांना देऊन कंपनीतच लागलेले. “व्हय का न्हाई ते ठरवा लवकर. सेकंड शिफ्टला लाईन चालू पायजे मला. न्हाईतर आमी काय डोळ्यांनी बघत बसायचं का दोन हजार पीस?”

“खराब माल येतो, म्हणून तर पहिला पीस काढतो आपण,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, पण निघाल्यावर मलाच पटलं.

या औद्योगिक पट्ट्यात कोणत्याही कंपनीत जा, शिफ्टचा पहिला पीस हातात धरून क्वालिटीच्या खोलीत नेतात. तो पास होईपर्यंत मशीन थांबलेली. वडील घरी नवा कुकर आला तरी आधी नुसतं पाणी उकळून बघायचे.

“ट्रेनिंग रूममधला जुना कॉम्प्युटर घेऊ. आपला फोटोंचा सगळा फोल्डर त्यावर उतरवू. आधी तिथं चालवू.”

“जेवणाची सुट्टी गेली म्हणायची,” सर म्हणाले, पण उठले. कॉम्प्युटर त्यांनीच उचलून आणला.

फोटो उतरायला बराच वेळ गेला. मग मी नवा कॅमेरा त्यालाच जोडला आणि ती ओळ चालवली. अक्षरं भराभर वर सरकली आणि नव्या कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला. पडद्यावर ब्रॅकेट दिसला, आधीपेक्षा स्वच्छ.

“बघ! उगाच घाबरतेस.”

मी फोटोंचा फोल्डर उघडला. रिकामा. पुन्हा उघडला. रिकामाच.

आम्ही दोघांनी खुर्चीला खुर्ची लावून तो इन्स्टॉलर पहिल्यापासून वाचला. मध्यावर एक ओळ होती: या नावाचा जुना फोल्डर असेल तर काढून टाक. नाव होतं ‘इन्स्पेक्शन’. आमच्या फोल्डरचंही तेच, जागाही तीच. त्याने आपलं साधं नाव ठेवलं, आम्ही आपलं. कपट कुठेच नव्हतं. जुना कचरा राहू नये म्हणून चांगल्या मनाने झाडू फिरवलेला. एवढ्या एका ओळीत दोन ताईंचं वर्ष जाणार होतं.

“पासवर्ड मी टाकला असता,” सर हळूच म्हणाले.

आम्ही ती ओळ गाळली. लाईनवरून फोटो परत उतरवले, पुन्हा चालवलं. फोटो जागेवर, दिवा हिरवा. मग लाईनवर. सेकंड शिफ्टचा पहिला खराब पीस आला तेव्हा लाल दिवा लागला, आणि सुपरवायझरांनी मशीनला नमस्कारच केला.

संध्याकाळी घरी सांगितलं. वडिलांनी नीट ऐकून घेतलं. “त्या माणसाला कळवलंस का?”

“त्याला कशाला?”

“माल कसा निघाला, हे सप्लायरला कळवायला नको?”

मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं. सकाळी उत्तर आलेलं. इन्स्टॉलर आता जुना फोल्डर काढण्याआधी विचारतो, असं त्याने लिहिलं होतं. आपला प्रोग्राम एखाद्या कारखान्यात चालतो हे वाचून तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

मी मोबाईल घेऊन तपासणीच्या टेबलापाशी गेले, दोघींना वाचून दाखवलं.

“म्हणजे आता जगात कुणीही टाकलं तरी आधी विचारणार?” थोरल्या ताईने विचारलं. “आमच्या फोटोंपायी?”

“हो.”

तिने हातमोजा काढला आणि मोबाईल हातात घेऊन तिला न वाचता येणारी ती इंग्रजी अक्षरं बराच वेळ बघितली.

“मग त्याला लिही,” ती म्हणाली, “फोटो नीट आहेत म्हणावं.”