आक्काचं सूप

दीड महिन्यापूर्वी बेळगावात ऑफिसमध्ये होते, तेव्हा पप्पांचा फोन आला. "आक्का गेली." आक्का म्हणजे माझी आजी, पप्पा तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. मी निपाणीला पोचले, तर पेपरात द्यायचा मजकूर पप्पांनी माझ्याकडूनच टाईप करून घेतला. "गृहिणी होत्या, असं लिही," म्हणाले. मी लिहिलं. त्याचा राग अजून गेलेला नाही... पप्पांवरचा, आणि त्याहून जास्त स्वतःवरचा.

आक्काची आई सदलग्याहून निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आली, ती तान्ह्या आक्काला पोटाशी बांधूनच. पुढं त्याच वखारीत आप्पा, म्हणजे माझे आजोबा, पोती उचलायचे. लग्न तिथंच जमलं. तंबाखूच्या धुरळ्यानं आप्पांची छाती गेली, ते अंथरुणाला खिळले आणि आक्का मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली. पप्पा शिकून नोकरीला लागले तरी ती उठली नाही. माझी इंग्रजी शाळाही त्याच सुपातून आली. आणि आक्काच्या बाराव्याला नातेवाईक एकामागून एक सांगत होते, आप्पांनी घर वर काढलं. आप्पा आज असते, तर स्वतः असं कधी म्हणाले नसते.

चौथीत शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं होतं. आजीच्या नावाखाली मी 'हाउसवाइफ' लिहिलं. वर्गातल्या मुलींना बिड्यांचं कळू नये, एवढंच डोक्यात होतं. बिडीचं पान कातरता कातरता आक्कानं विचारलं, "काय लिवलंस गं माझ्या नावाखाली?"

"घरात असते ती."

"व्हय, घरातच असतो की मी," ती हसली. "मग बिड्या काय तुझा आजा वळतोय?"

मी वही मिटली. तिनं पुन्हा विचारलं नाही. पाहुणे आले की मम्मी सूप माळ्यावर टाकायची आणि ते जाईपर्यंत आक्का रिकामे हात पदराखाली धरून बसायची. मी बघायचे, बोलायचे नाही. घरात मला गुणाची, गप्प पोर म्हणायचे. कसली गुणाची.

गेल्या रविवारी सुट्टी काढून निपाणीला आले आणि सूप माळ्यावरून काढलं. आत तिची कात्री होती, आणि पान मापात कातरायचा पत्र्याचा तुकडा, कडांनी झिजून गुळगुळीत झालेला. सगळं हॉलमध्ये तिच्या फोटोखाली मांडलं.

"उचल ते," पप्पा म्हणाले. "लोकं येत्यात."

"येऊ देत."

मी उचललं नाही. सूप अजून तिथंच आहे. हॉलभर तंबाखूचा वास येतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुणाचं? पप्पा खिडकीकडे बघतात, आणि मी सांगते.