सतरा नंबरचा दिवा

समजा, तुम्हाला कोणी सांगितलं, की गेल्या एकवीस वर्षांत घरात जी जी डागडुजी केलीत तिची यादी करा. कुठल्या दाराखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, कुठला नळ दोऱ्याने बांधला, आणि का. शुक्रवारी पाचपर्यंत. ज्याचं कारण लिहिणार नाही, ते सोमवारी आपोआप निघून जाईल.

कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरमामांच्या वाट्याला हेच काम आलं होतं. घराच्या जागी औषधांचा कारखाना, तीन इमारती आणि एकशे चाळीस स्विच, म्हणजे संगणकांच्या आणि यंत्रांच्या केबली जिथे येऊन मिळतात ते डबे. कुठे काही अडलं की मामा तिथे चालत जायचे, लॅपटॉप जोडायचे आणि सेटिंगच्या चार ओळी बदलून यायचे. सोमवारपासून हे सगळं एक नवी यंत्रणा बघणार होती. यादीत नसलेला बदल दिसला की ती तो पुसणार.

मामांनी चारशे अकरा बदलांची कारणं लिहिली. एक राहिला. पॅकिंगच्या इमारतीत सतरा नंबरच्या जोडणीचा वेग नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच मुद्दाम कमी केला होता. का, ते काही केल्या आठवेना.

ते केबल चाचपत गेले. ती भिंतीत शिरत होती, आणि त्या भिंतीपुढे मध्यंतरी नवी भिंत उठली होती. स्विचवरचा सतराचा दिवा मात्र लुकलुकत होता, म्हणजे पलीकडे काहीतरी चालू होतं. त्या यंत्राच्या कंपनीचं नाव तेवढं लॅपटॉपवर दिसत होतं, आणि ती कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली होती.

गुरुवारी जेवताना बायको म्हणाली, "तिसऱ्यांदा मीठ घेताय."

"सतरा नंबरचं काही आठवत नाही गं."

"लग्नाच्या तारखेसाठी कधी एवढं डोकं खाजवलं नाहीत."

शुक्रवारी साडेचारला नवी इंजिनिअर शेजारी येऊन बसली. यंत्रणा तिनेच बसवली होती.

"मामा, काढून बघू या का? काही बंद पडलं तर परत टाकू."

"आणि बंद पडलेलं कळलंच नाही तर?"

"मग लिहा काहीतरी. जुनं मशीन, वेग झेपत नाही. कोण वाचतंय?"

"तुझी यंत्रणा वाचेल ना."

"ती फक्त रकाना भरलाय का ते बघते."

मामांनी खुर्ची पुढे ओढली, परत मागे सारली. एकवीस वर्षांत नोंदीत खोटं लिहिलं नव्हतं. खरं तर नोंदच लिहिली नव्हती. पाचला तीन मिनिटं कमी असताना त्यांनी टाइप केलं: 'कारण आठवत नाही. पण तेव्हा होतं. काढू नये.'

रकाना हिरवा झाला.

"सुटलात की," ती म्हणाली.

"एवढ्यावर कसं चालवून घेतलं तुझ्या यंत्रणेने?" मामा म्हणाले. "मी नसतं घेतलं."

सोमवारी यंत्रणा बिनबोभाट सुरू झाली. दुपारपर्यंत मामांना एकही फोन आला नाही. असं पहिल्यांदाच घडत होतं. तरी ते चार वेळा पॅकिंगच्या इमारतीत जाऊन आले. चौथ्यांदा नव्या भिंतीला कान लावून उभे राहिले. पॅकिंगवाले एकमेकांना खुणा करत होते.

ऐकू काहीच आलं नाही. सतराचा दिवा सावकाश लुकलुकत होता, मामांनीच नेमून दिलेल्या चालीने. भिंतीपलीकडे असं कोण होतं, की ज्याला जोरात पळू द्यायची आपल्याला भीती वाटली होती?