एंटरचा दणका

एंटर मारण्याआधी ताई ओरडायच्या, "हात!" की गाळ्यातल्या सगळ्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर करायचे. सोल्डरिंग करणारा मी, चहा घेऊन आलेला माणूस, कुणालाच सूट नव्हती. एखाद्याचे हात खाली राहिले तर टेबलावरची स्टीलची पट्टी त्याच्या पाठीत बसायची. "मेल्या, हात खंय आसत तुजे?" ताई वाढल्या मुंबईतच, पण संतापल्या की मालवणीत शिरायच्या. मग मूठ वळून एंटरवर असा दणका द्यायच्या की कीबोर्ड टेबलावरून उडायचा.

भांडुपच्या त्या गाळ्यात आम्ही पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोलर बनवायचो. कंट्रोलर म्हणजे तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर एक चिप. प्रेस कधी खाली येणार, कधी थांबणार, हे ती चिप ठरवते. तिच्यातला प्रोग्राम ताई लिहायच्या. माऊसला त्या हात लावत नसत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर मारला, की चिपमधलं जुनं पुसलं जायचं, नवं उतरायचं आणि लगेच चालूही व्हायचं. यात एखाददुसरा श्वास जायचा, तेवढाच. कोपऱ्यात चाचणीसाठी एक खरी प्रेस होती. तिच्या बोर्डात प्रोग्राम गेला की कुणी पायडल न दाबता ती आपोआप धाडकन खाली यायची. हात वर करायचे ते यासाठी.

ताईंचा राग तुम्ही पाहायला हवा होता. बिघडलेला बोर्ड त्या कचऱ्यात टाकत नसत. ऐरणीवर ठेवून हातोड्याने चिपचा भुगा करायच्या. "उद्या कुणी चुकून परत लावला तर? कुणाची तरी बोटं जातील." एकदा सेल्सचा माणूस म्हणाला, "चाचणी राहू दे ना मॅडम, गिऱ्हाईक थांबलंय." गरम चहाचा ग्लास त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. पुढे तो दारातूनच बोलायचा. आम्ही पोट धरून हसायचो, पण ताई बघत नाहीत ना, याची खात्री करून.

"एवढ्या जोरात कशाला मारता?" मी एकदा विचारलं होतं.

"माझा घसा बसला, तर हे तरी ऐकू येईल." मला ती थट्टा वाटली होती.

त्या दुपारी फोनवर पुन्हा तोच सेल्सवाला घाई करत होता. टेबलावरचा नवा बोर्ड ताईंच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि प्रेसमधलाही जोडलेलाच राहिला होता. असे दोन जोडलेले असले की कुठल्यात उतरवायचं ते त्या ओळीतच सांगावं लागतं. नाहीतर आधी सापडेल त्यात उतरतं. ताईंनी फोन आपटला, रागाच्या भरात ओळ टाइप केली आणि तेवढंच सांगायचं राहिलं. टेबलावरच्या बोर्डाला प्रेस जोडलेली नसते, म्हणून त्याच्यासाठी "हात!" ओरडायची गरज नव्हती. नुसतीच मूठ पडली.

आमचा फिटर कांबळे तेव्हा प्रेसमध्ये हात घालून पान्याने बोल्ट आवळत होता. प्रेस ज्या हवेच्या दाबावर चालते, तिचा व्हॉल्व्ह त्याने बंद केलेला नव्हता. दणका ऐकला आणि पाना तसाच टाकून त्याचे दोन्ही हात वर गेले. प्रेस धाडकन खाली आली. पान्याचे दोन तुकडे झाले. एकाने ट्यूबलाइट फोडली, दुसऱ्याने कांबळेचं कपाळ. प्रेस तरीही आपटतच राहिली, मी मेन स्विच पाडेपर्यंत.

ताई धावत आल्या. रक्ताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कांबळेची बोटं एकेक करून वाकवली, सरळ केली. मग स्वतःची मूठ प्रेसच्या लोखंडी खांबावर मारत सुटल्या, कातडी निघाली तरी थांबेनात. आम्ही दोघांनी त्यांना धरून ठेवलं.

"मी ओरडले नाय रे," त्या म्हणत होत्या. "मी ओरडलेच नाय."

"एंटर मारलात ना ताई," कांबळे म्हणाला. "तो ऐकला मी."

दुसऱ्या दिवसापासून ताई आल्या नाहीत. फोनही घेत नाहीत. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. माणसांना अशी सवय लावून निघून जायचं नसतं.

त्यांच्या जागी आलेला इंजिनिअर गोड बोलतो. लॅपटॉपवर एंटर दाबतो तो त्याच्या शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. पहिल्याच दिवशी कांबळे प्रेसमधून हात काढून उठला आणि भंगाराच्या पेटीत वाकला. एंटर एका बाजूने खचलेला ताईंचा कीबोर्ड त्याने बाहेर काढला, बाहीने पुसला आणि त्या लॅपटॉपला जोडला.

"सर, ह्याच्यावर मारायचं," तो म्हणाला. "मूठ वळून."