खिडकीची खोली

आमच्या इमारतीखाली चू मावशीचं शिवणयंत्र एकतीस वर्षं चालतंय. सिंगापुरातल्या आमच्या अख्ख्या तोआ पायो वस्तीच्या पँटी तिनं आखूड केल्यात. तिचा नवरा बून टेक जहाजाच्या गोदीत वेल्डर होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून तो तिच्या शेजारी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांची थट्टा करतो.

एका सकाळी मावशीनं माझ्यासमोर जहाजाच्या सफरीची जाहिरात धरली. "जन्मभर दुसऱ्यांसाठी जहाजं बांधली याने. एकदा तरी जहाजात झोपू दे. तीन रात्री, माणशी तीनशे नव्याण्णव डॉलर. बाराशे साठवलेत. तू गणिताची मास्तरीण, बघ बरं पुरतील का."

मी पेन घेतलं. तिकिटं सातशे अठ्ठ्याण्णव. बंदराचा कर एकशे ऐंशी. नोकरांची बक्षिसी रोजची माणशी पंचवीस, ती तर बिलातच लावतात. विमा, त्यात बून टेकचं दुखणं, म्हणजे दोनशे वीस. किनाऱ्यावर उतरून फिरायचं तर आणखी दोनशे चाळीस.

"पंधराशे अठ्ठ्याऐंशी," मी हळूच म्हटलं.

मावशीनं कागद स्वतःकडे ओढला. "आम्ही उतरणारच नाही. तरीही जास्तच होतात, नाही का?"

"हो. आणि ही खोली बिनखिडकीची आहे, मावशी. म्हणून तर स्वस्त."

"असू दे. झोपायलाच तर जायचंय."

खुर्चीतून आवाज आला, "बिनखिडकीची? तीस वर्षं जहाजाच्या पोटात अंधारात जाळ काढला मी. आता पैसे मोजून पुन्हा पोटातच कोंबतेस होय गं?"

"मग काय, कप्तानाच्या मांडीवर बसवू?" मावशी फणकारली, पण तिचे डोळे भरून आले होते.

मी पुन्हा जाहिरात चाळली. मागच्या पानावर दोन रात्रींची सफर होती, कुठंच न थांबणारी. खिडकीच्या खोलीत, कर, बक्षिसी, विमा धरून अकराशे पन्नास. मावशीनं बेरीज स्वतः दोनदा तपासली आणि मान हलवली.

मे महिन्यात ते दोघं सफरीला गेले. परतल्यावर मावशी सांगत होती, तो झोपलाच नाही म्हणे. खिडकीपाशी बसून जाणाऱ्या जहाजांची नावं वाचत होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिच्या हाताला काम नव्हतं, तर तिनं त्याच्यासाठी संत्रं सोललं, एकेक फोड शिरा काढून. "घरी कुठं वेळ असतो?" ती म्हणाली.

उतरताना बिलात अठ्ठावीस डॉलर जास्तीचे निघाले. मावशी काउंटरवर तावातावानं भांडायला उभी राहिली, तेव्हा बून टेकनं डाव्या हातानं एक कागदी पाकीट पुढं केलं. त्यात जहाजावरच्या फोटोवाल्यानं काढलेला दोघांचा फोटो होता, तिच्या नकळत अठ्ठावीस डॉलरला बिलावर घेतलेला.

"परत करते," ती म्हणाली.

"कर की," तो म्हणाला, "पण आधी बघ तरी, किती देखणी दिसतेयस."

मावशीनं बघितलं, आणि मुकाट्यानं पैसे भरले.